पत्रिकेवरचं ‘अ‍ॅड.’

पत्र

ताई, माझं वय ४०. सासर मालवण तालुक्यात. २०१२ साली मुंबईत एलएल.बी. झाले, सनद घेतली आणि पुढच्या वर्षी बार कौन्सिलची परीक्षा, वकिली करायला पास व्हावी लागते ती ‘ऑल इंडिया बार एक्झाम’, दिली. पुस्तकं न्यायला परवानगी होती म्हणून दोन पिशव्या भरून नेल्या, तरी नापास झाले. तेव्हा लग्न ठरलेलं होतं आणि छापून आलेल्या पत्रिकेवर माझ्या नावाआधी ‘अ‍ॅड.’ होतं. सासरी खरं सांगायचा धीर झाला नाही. मग मुलगी झाली, सासूबाईंचं आजारपण आलं, पतसंस्थेत वसुलीची नोकरी लागली. मध्ये कुणीतरी म्हणालं की परीक्षा सुप्रीम कोर्टात अडकलीय, रद्द होणार. म्हणून थांबले. आता मुलगी सातवीत आहे, घराला लागून चार खोल्यांचा होमस्टे आहे. गावातले लोक सातबारा घेऊन येतात, ‘वकीलबाई’ म्हणतात. नवऱ्याला वाटतं, मी घरासाठी वकिली सोडली. पुन्हा परीक्षा द्यावी असं फार वाटतं. पण नवे कायदे आलेत, जुनं सगळं विसरले. जाऊबाईंना नुसतं सुचवून पाहिलं तर म्हणाल्या, “ह्या वयात परीक्षेक बसतलंस?” पोरांच्यात बसून पुन्हा नापास झाले तर काय? काय करू?

उत्तर

आधी एक कबुली देते. ही परीक्षा मी स्वतः दिलेली नाही. २००९-१० पासून पुढे पदवी घेतलेल्यांना ती लागू झाली, पहिली परीक्षा २०११ च्या मार्चमध्ये झाली. मी त्याच्या कितीतरी आधी सनद घेऊन तालुका कोर्टात उभी राहिले होते. तेव्हा ‘काही कठीण नसतं हो’ असं मी म्हटलं तर ते फुकटचं बोलणं होईल. पण माझ्याकडे आलेल्या ज्युनिअरपैकी दोघी या परीक्षेत एकेकदा आपटल्या आणि दोघींना समोर बसवून मी विचारलं होतं, नेमकं काय झालं ते सांग. म्हणून तुमच्या पत्रातलं ‘दोन पिशव्या’ वाचलं आणि हसू आलं. रागावू नका.

माझा अंदाज असा की तुम्हाला त्या पिशव्यांनी नापास केलं. पुस्तक उघडायला परवानगी आहे म्हटल्यावर माणूस प्रत्येक उत्तर पुस्तकात शोधू लागतो, येत असलेलंही एकदा पडताळून बघतो. प्रश्न १००, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ तीन तास. एका प्रश्नाला दोन मिनिटंही येत नाहीत. गाइडाची अनुक्रमणिका काढायची, पान शोधायचं, परिच्छेद वाचायचा, यात चार मिनिटं गेली. माझ्या एका ज्युनिअरने शेवटचे एकोणतीस प्रश्न कोरे सोडले होते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं. पण पुस्तकातून मान वर काढली तेव्हा पेपर गोळा करत होते. डोळे मिटून गोळे काळे केले असते तरी चारातलं एक या हिशेबाने सहा-सात गुण पदरात पडले असते, आणि बाई तीन गुणांनी गेली होती.

आता तो मोहच काढून घेतलाय. २०२१ पासून गाइड, नोट्स, टिपा छापलेली पुस्तकं आत नेता येत नाहीत. फक्त बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मजकूर, तोही कोरा. तुमच्या वेळी ४० गुण पुरायचे. आता खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ४५ लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४०. कितीही वेळा बसता येतं, वयाची अट नाही. आणि ‘रद्द होणार’ म्हणून थांबायचं कारणही आता उरलेलं नाही. १० फेब्रुवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही परीक्षा घ्यायचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार मान्य केलाय.

‘जुनं सगळं विसरले’ असं लिहिलंयत. अहो, विसरलात तेच बरं! आम्हाला विसरता येत नाही हीच आमची पंचाईत आहे. १ जुलै २०२४ ला तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज होता. तीस वर्षांची जीभ. उभी राहिले आणि जुन्या नंबराने ‘४३८ खालचा अर्ज’ म्हणून मोकळी झाले. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. ‘सॉरी सर, ४८२,’ म्हटलं आणि माझं मलाच कसंतरी झालं, कारण आमच्या पिढीच्या डोक्यात ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करून घ्यायला हायकोर्टात जायचं कलम. ते आता ५२८ झालंय. बाहेर आले तर व्हरांड्यात एक हवालदार जुन्या-नव्या कलमांचा तक्ता लॅमिनेट करून खिशात घेऊन फिरत होता. निमूटपणे त्याचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. त्या वर्षी अख्खी बाररूम परीक्षेला बसली होती, फक्त आमचा निकाल कुठे लागत नव्हता.

आपल्याकडे कलम म्हटलं की आधी हापूस आठवतो, मग कायदा. तर बागेचंच उदाहरण घ्या. झाडं बहुतेक तीच आहेत, त्यांच्यावरचे नंबर बदललेत, थोडी तोडली, थोडी नवी लावली. ५११ कलमांची भारतीय दंड संहिता जाऊन ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा ३०२ वरून १०३ वर गेली, आणि नवं ३०२ उघडलंत तर तिथे धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याचा गुन्हा बसलाय. ३०४ वर आता हिसकावून नेण्याची चोरी आहे. चारसोबीसला तर घरच उरलं नाही, पुस्तक ३५८ वर संपतं. फसवणूक ३१८ मध्ये शोधायची. १४४ म्हणजे जमावबंदी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ खाली बायकामुलांची पोटगी आहे आणि जमावबंदी १६३ वर गेलीय. पेपर काढणाऱ्यांना अशा जागा फार आवडतात. अशा पंचवीस-तीस जोड्या एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात फ्रिजवर लावा. तो कागद हॉलमध्ये नेता येणार नाही, पण तोवर त्याची गरजही राहणार नाही. आणि जुनं जे काही आठवत असेल ते वाया जात नाही. १ जुलै २०२४ आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते, ते खटले अजून वर्षानुवर्षं चालणार आहेत.

अभ्यासक्रमात एकोणीस विषय आहेत. सगळ्यांना सारखा मान देऊ नका. राज्यघटना, दिवाणी प्रक्रिया संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता यांना प्रत्येकी १० गुण. न्याय संहिता, पुरावा, कौटुंबिक कायदे, आणि करार-मालमत्ता-चेक यांचा एक गठ्ठा, यांना प्रत्येकी ८. सात गठ्ठ्यांत ६२ गुण झाले. त्यात वकिलांची नीतिमत्ता आणि लवाद-मध्यस्थी हे चार-चार गुणांचे दोन विषय घाला, दोन्ही छोटे आहेत. कंपनी कायदा, पर्यावरण, सायबर, बौद्धिक संपदा यांना दोन-दोन गुण. त्यांच्यासाठी पावसाळ्यातली एक संध्याकाळसुद्धा घालवू नका.

आणि तुम्ही स्वतःला कोरी पाटी समजताय, तशा तुम्ही नाही. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पंधरा दिवस वाट बघायची, मग महिन्याभरात फिर्याद. चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ चं हे वेळापत्रक तुम्ही झोपेत सांगाल. जामीनदाराची जबाबदारी किती, तारण म्हणजे काय, मुदत कधी संपते, हे वसुली करताना रोज हाताखालून गेलंय. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोराने ते फक्त वाचलेलं असतं.

आता वेळेचं. २०२३ ते २०२५ च्या परीक्षांच्या तारखा पाहा: १० डिसेंबर २०२३, २२ डिसेंबर २०२४, ३० नोव्हेंबर २०२५. म्हणजे ऐन पर्यटकांच्या दिवसांत, तुमच्या चारही खोल्या भरलेल्या असताना. पुढची तारीख कधी ते बार कौन्सिलच्या अधिसूचनेतच बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवर विसंबू नका. पण तारीख जाहीर व्हायची वाट बघत अभ्यास थांबवू नका. एप्रिल-मे तुमच्या हातात नाही, सोडून द्या. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या झापांखाली जातात, पाहुणे थांबतात. तिथपासून गणपतीपर्यंतचे दिवस हे तुमचं कॉलेज. रोज दीड तास, तोही ठरलेल्या वेळी. गणपतीत चाकरमानी आले की पंधरा दिवस गेले. ते आधीच वजा धरा, म्हणजे मोदक वळताना जीव वर-खाली होणार नाही.

बेअर अ‍ॅक्ट छापील घ्या. आपल्याकडे पहिल्या वाऱ्याला लाइट जाते आणि दुसऱ्याला रेंज, मोबाइलवरच्या फाइली काय चाटायच्यात? मुख्य सात-आठ कायद्यांच्या दोन-दोन प्रती घ्या. एक पेन्सिलीने मनसोक्त रंगवायला आणि एक कोरी, हॉलमध्ये न्यायला. कोऱ्या प्रतीत एक रेघही मारू नका, तपासणीत ती बाजूला काढली तर ऐन वेळी हात मोकळे. पण ती नुसती कपाटात ठेवूनही उपयोग नाही. रोज रात्री मुलीच्या हातात घड्याळ द्या. ती म्हणेल ‘मनाई हुकूम’, तुम्ही दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ३९ काढायचा. ती म्हणेल ‘कैफियत’, तुम्ही आदेश ८. चाळीस सेकंदांच्या वर गेलात तर दुसऱ्या दिवशीची भांडी... बरं, ती तशीही तुम्हालाच घासायचीत, दुसरी पैज लावा. माझी एक ज्युनिअर आपल्या भावाबरोबर हाच खेळ खेळायची आणि दुसऱ्या खेपेला आरामात निघाली.

पेपर मराठीतही मिळतो. तुमचं एलएल.बी. इंग्रजीत झालंय आणि पतसंस्थेचं काम मराठीत, त्यामुळे गोंधळ व्हायची शक्यता आहे. माझं मत असं: ज्या भाषेतले बेअर अ‍ॅक्ट वाचाल त्याच भाषेतला पेपर घ्या. सरकारी मराठीत ‘परक्राम्य संलेख’ वाचून ते आपले रोजचे चेकच आहेत हे कळायला अर्धं मिनिट गेलं, तर ते अर्धं मिनिट तुम्हाला परवडणारं नाही.

हॉलमध्ये पहिली फेरी पुस्तक न उघडता करा. येतंय ते भरा, अडलं त्याला खूण करा, पुढे चला. दुसऱ्या फेरीत फक्त खूण केलेल्यांसाठी बेअर अ‍ॅक्ट. शेवटची दहा मिनिटं उरलेले सगळे गोळे भरायला. प्रश्नपत्रिकेच्या संचाचा कोड सगळ्यात आधी भरा. परीक्षा रविवारी असते, म्हणून शनिवारी रात्री कोकणकन्येत बसून सकाळी मुंबईला उतरू आणि थेट केंद्रावर जाऊ, असले बेत करू नका. शुक्रवारी रात्री निघा आणि एक रात्र कुणाकडे तरी नीट झोपा.

हे झालं परीक्षेचं. पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे.

तात्पुरती सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावी लागते. ती झालेली नाही, म्हणजे आज तुम्हाला वकीलपत्र दाखल करता येत नाही. शिवाय पगारी नोकरी धरली की वकिलाने बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवायची असते. तेही तुम्ही कळवलेलं दिसत नाही. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी फोर्टला महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या कार्यालयात जा. नोंदणीची आजची स्थिती काय, नोकरीबद्दल काय लिहून द्यायचं, हे लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. लग्नाआधीच्या नावाची गुणपत्रिका आणि लग्नानंतरच्या नावाचं आधार कार्ड असेल तर विवाह नोंदणीचा दाखला बरोबर न्या, नाहीतर त्या एका कागदासाठी पुन्हा मुंबईची खेप होते.

गावातल्या माणसाला तलाठ्याकडचा अर्ज लिहून दिलात तर आभाळ कोसळत नाही. पण पैसे घेऊन कुणाच्या वतीने कोर्टात किंवा प्राधिकाऱ्यापुढे उभं राहणं हे वकिलांचंच काम आहे, आणि अधिकार नसताना ते करणाऱ्याला वकील अधिनियम १९६१ च्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. होमस्टेच्या फलकावर, सत्यनारायणाच्या निमंत्रणावर कुठे ‘अ‍ॅड.’ असेल तर ते आजच उतरवा. आणि होमस्टे कुणाच्या नावावर आहे? वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही, नुसता पैसा गुंतवलेला भागीदार राहता येतं. नवऱ्याच्या नावावर असेल तर तसाच राहू द्या. तुमच्या नावावर असेल तर पास झाल्यावर पहिलं काम ते.

नवऱ्याला सांगा. फॉर्म भरण्याआधी सांगा, निकालानंतर नव्हे. ‘पास झाले की सांगेन’ असं तुमच्या मनात असणार, मला ठाऊक आहे. पण एका घरात राहून तीन महिने चोरून अभ्यास होत नाही. आणि समजा झाला, तर तुम्ही हॉलमध्ये त्या पिशव्यांपेक्षा जड काहीतरी घेऊन बसाल. त्या माणसाच्या बाजूनेही बघा. बायकोने आपल्या घरासाठी करिअर सोडलं, असं तो बारा-तेरा वर्षं मनात धरून बसलाय. कितीतरी वेळा तुमच्यापुढे त्याने माघार घेतली असेल ती याच हिशेबाने. हे उपकार तुम्ही त्याच्या खात्यावर उगाच लिहिलेत. ‘मी सोडली नाही, मी नापास झाले होते,’ एवढंच वाक्य आहे. जेवणं झाल्यावर, मुलगी झोपल्यावर, ओटीवर बसून म्हणा. तो दुखावेल, दोन दिवस बोलणार नाही. मग कदाचित विचारेल, फॉर्मची शेवटची तारीख काय. जाऊबाईंना मात्र काही सांगायची गरज नाही. त्यांच्या नावाने पत्रिका छापली नव्हती.

वकिली चालेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते विचारायला हवं होतं. पहिली दोन वर्षं त्यावर घर चालणार नाही. पतसंस्थेचा पगार बंद करूनच उतरावं लागेल, तेव्हा आधी वर्षभराची शिल्लक बघा. कामाला मात्र तोटा नाही. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत आणि चार-पाच वारलेली. वाटपाचे दावे, कुळांची जुनी भांडणं, मुलीला हिस्सा द्यायचा की नाही यावरून भावा-बहिणींची तोंडं फिरलेली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच हक्क आहे, २००५ साली बाप हयात नसला तरी आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं, तरी ते सांगायला आलेली बहीण माझ्या टेबलासमोर आजही कुजबुजत बोलते. अशा बायका पुरुष वकिलासमोर अर्धीच हकीकत सांगतात. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याची अपिलं हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. सकाळी फोंडा घाट चढलं की काम आटोपून रात्री घरी येता येतं. पूर्वी एका तारखेसाठी मुंबईचे दोन दिवस मोडायचे, लहान पोरं असलेल्या कितीजणी त्यापायीच तालुक्याबाहेर पडल्या नाहीत.

पुन्हा नापास झालात तर? तर पुढच्या परीक्षेचा फॉर्म भराल. तेव्हा निदान घरी कुणाला काही सांगायचं उरलेलं नसेल.

पावसाळ्यात कधी ओरोसच्या कोर्टात आलात तर बाररूममध्ये या, खिडकीकडचं टेबल माझं. माझी दंड संहितेची जुनी प्रत तिथेच पडून आहे, समासात तीस वर्षांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. नव्या पुस्तकाशेजारी ती उघडून नंबर ताडून बघायला बरी पडेल. फक्त परत आणून द्या, आणि चुकूनही हॉलमध्ये नेऊ नका.